पिठाची बाहुली आणि न दिलेला पिंड : 'तुंबाड' चित्रपटातील वारसा व शोक

प्रास्ताविक

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. तत्पूर्वी त्याच वर्षी व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातील 'क्रिटिक्स वीक' या विभागाचा प्रारंभ त्याने झाला होता. प्रदर्शनाच्या वेळी त्याला मिळालेला प्रतिसाद मर्यादित होता. मात्र १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक व्यवसाय केला. सहा वर्षांनी पुन्हा पाहिल्या गेलेल्या या कलाकृतीविषयी आता भरपूर लिहिले गेले आहे. त्या लेखनाचा सूर बहुतांशी एकच आहे : 'तुंबाड' ही लोभाची रूपककथा आहे. चित्रपटाचा प्रारंभच लोभाविषयीच्या, महात्मा गांधींच्या नावावर असलेल्या वचनाने होत असल्यामुळे या वाचनाला निर्मात्यांचीही संमती आहे असे दिसते.

हे वाचन चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. लोभ हे विनायक या नायकाच्या वर्तनाचे वर्णन झाले, कारण नव्हे. ज्या घरात दोन भावांपैकी एक मरतो आणि त्या मृत्यूचा शोक करायला कोणालाही सवड मिळत नाही, त्या घरातील उरलेला मुलगा पुढे पंधरा वर्षांनी एका विहिरीत उतरतो. या दोन घटनांमधील संबंध लोभाच्या सिद्धान्ताने उलगडत नाही. प्रस्तुत लेखात 'तुंबाड'चा विचार शोक आणि वारसा यांच्या तुटलेल्या नात्याच्या अंगाने केला आहे. हे नाते आपल्याकडे ज्या एका वस्तूत मूर्त झालेले आहे ती वस्तू म्हणजे पिंड. आणि चित्रपटात तिची जागा घेणारी वस्तू म्हणजे हस्तरपुढे टाकली जाणारी पिठाची बाहुली.

कथेचा वारसा

चित्रपटाच्या आशयाकडे वळण्यापूर्वी त्याच्या कुळाकडे पाहणे आवश्यक आहे, कारण 'तुंबाड' ही वारशाची गोष्ट स्वतःच अनेक हातांतून आलेली आहे. बर्वे यांनी सांगितल्यानुसार १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात असताना एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली आणि तिच्या भीतीने त्यांच्या मनात घर केले. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. विदर्भातील वाचकाला नागझिरा माहीत असते ते वाघांमुळे, व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे किंवा मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे. कोकणातल्या अखंड पावसाच्या या चित्रपटाचे बीज पानगळीच्या कोरड्या जंगलात पडले, ही गोष्ट फारशी नोंदवली गेलेली नाही. पुढे १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, बर्वे यांनी पहिला खर्डा लिहिला; चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, बरेचसे पुन्हा करण्यात आले, आणि चित्रपट पडद्यावर यायला २०१८ उजाडले.

धारपांची (१९२५–२००८) 'आजी' ही कथा स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवरून आली आहे. किंग यांच्या कथेत अकरा वर्षांचा एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ घरी एकटा राहतो, कारण त्याच्या थोरल्या भावाचा पाय मोडला आहे आणि आई रुग्णालयात गेली आहे. आजीला आवरायचे असेल तर 'हस्टर' या नावाने आज्ञा द्यायची असते. हे नावही किंग यांचे नव्हे. अमेरिकन कथाकार अँब्रोज बिअर्स यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका कथेत हस्टर हा मेंढपाळांचा देव आहे, आणि तो भला देव आहे. रॉबर्ट चेंबर्स, लव्हक्राफ्ट, ऑगस्ट डर्लेथ अशा लेखकांच्या हातांतून जाताना तो काळवंडत गेला आणि मराठी मुलुखात येईपर्यंत पूर्तीच्या देवीचा खादाड पुत्र 'हस्तर' झाला. शीर्षकाने आणखी एक कर्ज घेतले आहे, ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीचे. कादंबरीचे कथानक चित्रपटात नाही. तिच्यातून आले आहे ते गावाचे नाव आणि एका घराण्याच्या ऱ्हासाची सावली.

किंग यांची कथा आणि चित्रपट यांत एक फरक निर्णायक आहे. 'ग्रॅमा'मधील भावाचा फक्त पाय मोडतो. 'तुंबाड'मधील सदाशिव झाडावरून पडतो आणि मरतो. आई घरी नसणे, मुलगा आणि म्हातारी समोरासमोर येणे, एवढ्या प्रसंगासाठी मृत्यूची गरज नव्हती. मोडलेला पाय पुरेसा होता. तरीही चित्रपटाने मूल मारले आहे. भयकथेच्या यंत्रणेला जे आवश्यक नव्हते ते पटकथेने मुद्दाम जोडले असेल, तर समीक्षेने पहिला प्रश्न तेथेच विचारायला हवा.

दिग्दर्शकाच्या चरित्राचा आधार घेण्याचा मोह येथे होऊ शकतो. राही हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' व 'हमिदाबाईची कोठी' लिहिणारे अनिल बर्वे यांचे पुत्र, आणि अनिल बर्वे अकाली गेले. परंतु कलाकृतीतील शोकाचे मूळ कलावंताच्या घरात शोधण्याची पद्धत सोपी असली तरी तिने कलाकृतीविषयी फारसे काही कळत नाही. चित्रपटाच्या आत पुरेसा पुरावा आहे.

सुतक न पाळलेले घर

कथानक तीन भागांत विभागले आहे. १९१८ मध्ये विनायक आणि सदाशिव हे दोघे भाऊ आईसोबत तुंबाडमध्ये राहतात. आई गावच्या सरकारांची सेवा करते. मुले त्यांचीच, परंतु अनौरस. घरातल्या एका खोलीत साखळदंडाने बांधलेली, सतत भुकेली, मरण न येणारी म्हातारी आहे. सरकार मरतात आणि आईला वर्षानुवर्षांच्या सेवेचा मोबदला म्हणून हस्तरच्या मूर्तीतील एकच सुवर्णमुद्रा मिळते. सदाशिवचाही मृत्यू होतो. त्यानंतर आई विनायकला घेऊन तुंबाड सोडते आणि पुन्हा कधीही, खजिन्यासाठीसुद्धा, येथे न येण्याचे वचन त्याच्याकडून घेते.

या भागात मृत्यू दोन आहेत, मात्र शोक एकाचाही नाही. सरकारांच्या मरणाशी आईचा संबंध नाण्यापुरता उरतो. सदाशिवच्या मरणाला चित्रपट अंत्यविधीचा प्रसंग देत नाही, दहा दिवस देत नाही, रडण्यासाठी एखादे लांबलेले दृश्यही देत नाही. त्या रात्रीचा सगळा अवकाश म्हातारीच्या भुकेने व्यापलेला आहे. मुलगा भावासाठी घाबरण्याऐवजी स्वतःच्या जिवासाठी घाबरतो, आणि सकाळ होते तेव्हा निघायची वेळ झालेली असते. पंकजकुमार यांचे छायाचित्रण येथे करड्या, ओल्या रंगांतून जराही बाहेर पडत नाही. दुःख व्यक्त झाले नसले तरी ते सगळ्या चौकटीत मुरलेले आहे, असे या रंगसंगतीविषयी म्हणता येईल. पुढील दोन भागांत सदाशिवसाठी कथानकात जागा उरत नाही.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोक आणि विषण्णता यांत भेद केला. शोक करणारा माणूस गेलेल्या व्यक्तीपासून हळूहळू स्वतःला सोडवून घेतो. विषण्ण माणूस तिला सोडत नाही, आत गिळून ठेवतो. निकोलस अब्राहम आणि मारिया टोरोक या मनोविश्लेषकांनी हाच विचार पुढे नेला. पूर्वजाने ज्याचा उच्चार केला नाही असे दुःख किंवा गुपित वंशजाच्या मनात भूत होऊन वावरते, आणि त्या वंशजाला आपल्याला काय पछाडते आहे हे ठाऊकच नसते, अशी त्यांची मांडणी आहे. 'तुंबाड'च्या संदर्भात ती थेट लागू पडते. म्हातारी ही अक्षरशः घरातल्या कुलूपबंद खोलीत ठेवलेली, मेलेली नाही आणि जिवंतही नाही अशी पूर्वज आहे. विनायक परत येतो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते. कुळाला जे वृक्षाच्या रूपात पाहण्याची सवय आहे, त्या वंशवृक्षाचे याहून विदारक चित्र भारतीय चित्रपटात क्वचितच आढळेल.

मात्र पाश्चात्त्य मनोविश्लेषणावर थांबणे गैरसोयीचे आहे. फ्रॉइड यांच्या विवेचनात शोक हे एकट्या माणसाच्या मनात चालणारे काम आहे. आपल्याकडे ते काम दिवसांत मोजलेले, नातेवाइकांत वाटलेले आणि विधींत बांधलेले आहे. शिवाय ते मालमत्तेशी जोडलेले आहे. हा दुसरा धागा चित्रपटाच्या केंद्राशी नेतो.

पिंडाचे दोन अर्थ

हिंदू वारसाविषयक विचारात 'सपिंड' हा शब्द मध्यवर्ती आहे आणि त्याच्या अर्थाविषयी दोन संप्रदायांत जुना मतभेद आहे. जीमूतवाहनाच्या दायभागात पिंड म्हणजे मृताला अर्पण करायचा अन्नाचा गोळा. ज्याने दिलेल्या पिंडाने मृताचे कल्याण होते, त्याचा धनावरील अधिकार प्रबळ. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत मात्र पिंड म्हणजे देह. एकाच देहाचे अंश ज्यांच्यात आहेत ते सपिंड, आणि रक्ताची जवळीक हा वारशाचा आधार. पहिल्या मताने वारस ठरतो तो कर्तव्यातून, दुसऱ्याने तो ठरतो जन्मातून. मतभेद कितीही असला तरी लोकव्यवहारात दोन्ही गोष्टी एकत्रच वावरत आल्या. 'अग्नी कोणी दिला' आणि 'घर कोणाकडे गेले' हे दोन प्रश्न आजही आपल्या गावांत एकाच दमात विचारले जातात.

विनायक या दोन्ही कसोट्यांवर अपात्र आहे. सरकारांना अग्नी देण्याचा अधिकार त्याला नाही. देहाचा अंश त्याच्यात आहे, पण तो अनौरस. आणि त्रैवर्णिकांतील अनौरस पुत्राला परंपरेने वाटा दिला नाही, पोटगी दिली. आईला मिळालेली एक मुद्रा ही त्या अर्थाने पोटगीच आहे. (या मराठी शब्दातच 'पोट' आहे, हे हस्तरच्या भुकेच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे.) चित्रपटातील विनायक सोन्याविषयी ज्या आवेशाने बोलतो त्यात हाव आहे, परंतु नाकारल्या गेलेल्या मुलाची हक्काची भाषाही आहे. म्हातारी त्याला जे बजावते त्याचा मथितार्थ असा, की वारशात आलेल्या प्रत्येक गोष्टीवर दावा सांगू नये. ही सूचना त्याला समजणे शक्य नाही, कारण दावा सांगण्याजोगे असे दुसरे काही त्याच्या वाट्याला आलेलेच नाही.

आता विहिरीतले दृश्य पाहावे. वाड्याखाली देवीचे गर्भाशय आहे. तेथे हस्तर निद्रिस्त आहे; त्याला सोने मिळाले, पण धान्याला हात घालण्याआधी इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला, म्हणून तो कायमचा उपाशी. विनायक दोरीने उतरतो, स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो, आणि हस्तर ती खात असताना त्याच्या लंगोटातून मुद्रा काढून घेतो. दर खेपेला थोडेच सोने हाती लागते आणि दर खेपेला नवी बाहुली लागते.

या कृतीचा सांगाडा महाराष्ट्रातील कोणाही प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. पिठाचा किंवा भाताचा गोळा, परलोकातून येणारा भुकेला, मर्यादेत उभा असलेला वारस आणि दुसऱ्या बाजूने मिळणारे धन. रामटेकच्या अंबाळा तलावाच्या काठी दशक्रियेसाठी जमलेले कुटुंब पाहिले असेल त्याला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दहाव्या दिवशी पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. कावळा शिवला नाही तर मृताची काही वासना राहिली आहे असे मानून नातेवाईक हात जोडून एकेक आश्वासन देतात : मुलीचे लग्न करू, धाकट्याला सांभाळू, कर्ज फेडू. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. श्रद्धा बाजूला ठेवून पाहिले तरी या विधीची मानसिक रचना विलक्षण आहे. जिवंत माणसाला मृताची अपुरी इच्छा चारचौघांत उच्चारावी लागते आणि तिची जबाबदारी घ्यावी लागते. वारसा तेव्हाच सुसह्य होतो.

विनायक हा विधी करतो, परंतु उलटा. त्याच्या बाहुलीपुढे कोणतेही आश्वासन नाही. भुकेल्याला तृप्त करण्यासाठी तो खाऊ घालत नाही. तो खाण्यात गुंतला की खिसा कापता यावा, एवढाच हेतू. हस्तर हा असा कावळा आहे की जो लगेच शिवतो आणि कधीच तृप्त होत नाही. म्हणून विधी संपत नाही. दहावा दिवस उजाडतच नाही. पुण्यातला विनायक दर काही काळाने तुंबाडला जातो, ही पुनरावृत्ती व्यसनासारखी भासते. परंतु ती कधीच न संपणाऱ्या श्राद्धासारखीही आहे.

बाहुलीचा आकार तर अधिकच सूचक. पिंड गोल असतो. चित्रपटातील गोळ्याला माणसाचे हातपाय आहेत. अन्न आणि देह हे पिंडाचे दोन्ही अर्थ, ज्यांवरून दोन संप्रदाय शतकानुशतके वाद घालत आले, येथे एका वस्तूत मळले गेले आहेत. मृतदेह हाती न लागल्यास पळसाची पाने, दर्भ यांचा पुतळा करून त्याचे दहन करण्याची प्रथा आहे. माणसाच्या जागी माणसाच्या आकाराची वस्तू ठेवून शोकाला ठिकाण द्यायचे, हा तिचा हेतू. बाहुलीला त्या पुतळ्याचीही आठवण आहे. फक्त येथे ज्याच्यासाठी पुतळा करायला हवा होता, तो लहान भाऊ कोणालाच आठवत नाही.

'काकस्पर्श', 'हेरेडिटरी' आणि नागपूरचा एक वारसा

तुलनेसाठी महेश मांजरेकर दिग्दर्शित 'काकस्पर्श' (२०१२) हा चित्रपट उपयुक्त आहे. उषा दातार यांच्या कथेवरील या चित्रपटाची पार्श्वभूमीही कोकणातील, काळही साधारण तोच. तेथे धाकट्या भावाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला भाऊ हरी मनोमन एक वचन देतो आणि कावळा शिवतो. विधवा भावजयीला परपुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही, हे ते वचन, आणि त्यापायी दोघांचे आयुष्य करपते. 'काकस्पर्श'मध्ये शोकाचा विधी इतका बलवान की तो जिवंतांना गिळतो. 'तुंबाड'मध्ये विधी इतका रिकामा की मेलेले जिवंतांना गिळतात. भाऊ दोन्हीकडे मरतो. एका ठिकाणी मृताला दिलेला शब्द अतिरेकी निष्ठेने पाळला जातो, दुसरीकडे आईला दिलेला शब्द मोडूनच कथा सुरू होते. हे दोन चित्रपट एकत्र अभ्यासले जावेत असे सुचवावेसे वाटते.

जागतिक भयपटात गेल्या दशकभरात शोक हा प्रमुख विषय झाला आहे. जेनिफर केंट यांचा 'द बाबाडूक' (२०१४) आणि अ‍ॅरी अ‍ॅस्टर यांचा 'हेरेडिटरी' ही त्याची ठळक उदाहरणे. 'हेरेडिटरी' २०१८ सालचाच. त्यातही आजी आहे, तिने कुटुंबाच्या माथी मारलेले दैवत आहे, आणि एका मुलाचा मृत्यू आहे. पण तेथील आई आक्रोश करते, शोकगटात जाऊन बोलते, घराच्या लहान प्रतिकृती बनवत राहते. शोक तेथे दृश्य आणि श्राव्य आहे. 'तुंबाड'मधील आई पुढे पाहते आणि चालू लागते. या शांततेमुळे अनेक समीक्षकांना चित्रपटात शोक दिसला नसावा.

वारसा आणि अंत्यविधी यांची फारकत ही केवळ भयकथेतील कल्पना नव्हे. नागपूरने ती अनुभवली आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघुजी तिसरे भोसले निपुत्रिक वारले. वाड्यातील मंडळींनी यशवंतराव यांच्याकडून अंत्यसंस्कार करवून घेतले आणि त्यांना 'जानोजी' म्हणून वारस मानले. कंपनी सरकारच्या धोरणाचा आशय असा होता की दत्तक पुत्राने धार्मिक कृत्ये खुशाल करावीत, खाजगी मालमत्ताही घ्यावी. राज्य मात्र त्याच्याकडे जाणार नाही. डलहौसींनी १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. खाजगी मालमत्तेचे तत्त्वही प्रत्यक्षात टिकले नाही. बाकाबाई आदी राण्यांचा विरोध बाजूला सारून भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन विकण्यात आले. पिंड एकाने द्यायचा आणि धन दुसऱ्याने न्यायचे, हे सूत्र कंपनीच्या कागदांत विनायकाच्या विहिरीपेक्षा अधिक सभ्य भाषेत लिहिलेले आढळते. चित्रपटाच्या तिसऱ्या भागात १९४७ उजाडते आणि वाडा सरकारजमा होणार हे कळताच विनायक कोसळतो, तेव्हा या इतिहासाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. फरक इतकाच की या वेळी येणारे सरकार आपले आहे, आणि घराण्याच्या मालकीचा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिक अधिकार आहे. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्येच मांडले होते. प्रत्यक्ष कायदा यायला १९४९ साल लागले. ज्या गावाच्या नावाशी मराठी वाचक 'खोत' हा शब्द जोडतो, त्या गावातील खजिना नेमका या दशकात संपतो, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. चित्रपटाने मात्र त्याचा पाठपुरावा केलेला नाही. वाड्याबाहेरचे तुंबाड, तिथले कूळ, तिथले कष्टकरी त्याला दिसतच नाहीत. गावावर कोसळणारा देवांचा कोप त्यांनीही भोगला असणार. ही मोठी उणीव होय.

बाहुली झालेला बाप

तिसऱ्या भागाचे वैशिष्ट्य म्हणजे येथे वारसा प्रथमच शिकवला जातो. विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला, दोरीवर चढणे, लंगोट ओढणे यांचे धडे देतो. बाप-लेकाच्या जवळिकीचे म्हणता येतील असे प्रसंग चित्रपटात एवढेच आहेत, आणि ते चोरीच्या तालमीचे आहेत. शोक, आठवण, घराण्याच्या गोष्टी यांतून जे पुढे द्यायचे, त्याऐवजी एक कसब दिले जाते. मोहम्मद समद या बालकलाकाराने पांडुरंग आणि म्हातारी अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. रंगभूषेखाली हे प्रेक्षकाला कळत नाही. कळल्यावर मात्र वंशाची दोन टोके एकाच देहात असल्याची जाणीव अस्वस्थ करते. मिताक्षरेच्या अर्थाने ते दोघे खरोखर सपिंड आहेत.

संपूर्ण लंगोटच पळवावा, ही कल्पना पांडुरंगाची. त्यासाठी बाप-लेक पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात. येथे विनायक चित्रपटातील एकमेव निःस्वार्थ कृती करतो. तो बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो, सगळे हस्तर आपल्यावर ओढून घेतो आणि मुलाला वर जाऊ देतो. आयुष्यभर पिंडाचे सोंग घेऊन चोरी करणारा माणूस अखेर स्वतः पिंड होतो. या दृश्यात पीठ आणि देह यांतले अंतर नाहीसे होते. सोहम शाह यांचा अभिनय इतरत्र काहीसा एकसुरी आहे, पण या क्षणी शब्दांचा आधार नसताना तो प्रभावी ठरतो.

विहिरीबाहेर शापाने विद्रूप झालेला बाप मुलापुढे लंगोट धरतो. पांडुरंग तो घेत नाही. हस्तरचे नाव घेऊन तो बापाला निजवतो आणि पेटवून देतो. चित्रपटात याआधीही विनायकने माणसे जाळली आहेत. म्हातारीला, खजिन्याचा मार्ग सांगण्याची किंमत म्हणून. राघव या सावकाराला, पाठलाग करून आल्याबद्दल गर्भाशयात पाठवून. पहिली आग सौद्याची, दुसरी खुनाची. तिसरी आग मुलगा बापाला देतो, आणि तिच्या मोबदल्यात काहीही घेत नाही. आशयाच्या दृष्टीने हाच या चित्रपटातील पहिला अंत्यविधी आहे. मुलगा रडतो, पुढे आलेले सोने नाकारतो आणि अग्नी देतो. ज्याला दायभाग वारस म्हणेल तो हाच. आणि तोच वारसा टाकून देतो.

नैतिक शिकवण म्हणून पाहिल्यास हा शेवट सरधोपट वाटतो, आणि काहींनी तसे म्हटलेही आहे. शोकाच्या बाजूने पाहिल्यास तो तसा राहत नाही. पांडुरंगाच्या नकारात सद्गुणाचा भाग थोडा आहे. अधिक आहे ते असे, की समोर हात पुढे करणारा हा आपला बाप आता मेलेला आहे, हे त्याने ओळखले आहे. सदाशिवच्या वेळी विनायकला जे ओळखू दिले गेले नाही, ते हे.

तरीही चित्रपटाने एक दार बंदच ठेवले आहे. या घराण्यात धन पुरुषाकडून पुरुषाकडे जाते आणि भूक स्त्रियांच्या देहात साठते : साखळदंडातली म्हातारी, एका नाण्यासाठी आयुष्य घालवलेली आई, राघवची विधवा सून, आणि पुण्याच्या घरात वाट पाहणारी विनायकची बायको वैदेही. अनिता दाते यांनी वैदेहीला जो कोरडेपणा दिला आहे तो पटकथेने दिलेल्या जागेपेक्षा मोठा आहे. नवऱ्याचा पैसा कोठून येतो हे तिला सांगितले जात नाही आणि तो कोठे मेला हे कळण्याची वेळ चित्रपटाबाहेर आहे. ज्या बाहुल्यांवर हे सगळे उभे आहे त्यांची कणीक मळणे हे आपल्या घरांतून बाईचे काम. या वस्तुस्थितीचाही पटकथेने उपयोग करून घेतलेला नाही. पांडुरंग तुंबाडहून निघतो तेथे चित्रपट संपतो. पुण्याला पोचल्यावर तो आईला काय सांगतो, दहाव्याला पिंड कोठे ठेवला जातो, आणि कावळा शिवावा म्हणून वैदेही कोणते आश्वासन देते, ही दृश्ये चित्रित झालेली नाहीत.